काकडीची मगर: एका कृतीचं परीक्षण

तुमच्या कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये सलाद डेकोरेशनची स्पर्धा झाली असेलच. पुसद असो, वणी असो की दारव्हा, चित्र साधारण तेच. लांब टेबलं, टोमॅटोचे गुलाब, मुळ्याचे उंदीर, गाजराची फुलं, आणि एखाद्या ट्रेमध्ये मधोमध बसलेली काकडीची मगर. हल्ली हीच मगर लहान मुलांच्या वाढदिवसाला केकच्या शेजारी दिसते. गॅस पेटवायचा नाही, मुलांनाही हाताशी घेता येतं आणि टेबल भरल्यासारखं वाटतं, म्हणून आयांना ती आवडते.

आज मी या मगरीच्या कृतीचं परीक्षण करणार आहे. पेटची तयारी करणारे आणि सिनॉप्सिस लिहिणारे बरेच जण विचारतात की शोधनिबंधातला मेथड सेक्शन वाचायचा कसा, त्यात चुका शोधायच्या कुठे. माझं उत्तर असतं की आधी पाककृती वाचा. पाककृती म्हणजे घरोघरी असलेला मेथड सेक्शन. साहित्य, प्रमाण, क्रम, वेळ आणि शेवटी निकाल, सगळं त्यात आहे. वर तिचा निकाल कोणीतरी खातं, त्यामुळे तिच्यातली चूक कागदावर राहत नाही.

आधी कृती काय आहे ते पाहू. ती सगळीकडे जवळजवळ एकसारखीच सांगितली जाते. एक मोठी काकडी आडवी ठेवायची. एका टोकाला मधोमध आडवी चीर देऊन जबडा करायचा. चिरेच्या कडा त्रिकोणी कापल्या की दात होतात. जबडा उघडा राहावा म्हणून आत गाजराची चकती जीभ म्हणून सारायची. दुसऱ्या काकडीच्या तुकड्यांचे चार पाय, डोळ्यांना दोन लवंगा. मग टूथपिकवर चीजचा चौकोन आणि एक द्राक्ष ओवायचं आणि अशा तीस-चाळीस काड्या मगरीच्या पाठीवर टोचायच्या. खाली पानकोबीची पानं अंथरली की तळं तयार.

परीक्षण करताना, समोरच्या कामाने काय साधलंय ते आधी सांगावं. नवीन परीक्षक नेमकं हेच विसरतात. तर, या मगरीने एक अवघड गोष्ट साधली आहे. टेबलाच्या मधोमध ठेवलेल्या खाण्याच्या शोभेच्या वस्तूची जुनी अडचण अशी की ती कोणी खात नाही. टरबुजाचा हंस कोरलेला असेल तर त्याची मान मोडायला पहिला हात कोण लावणार? पाहुणे फोटो काढतात, बाजूचे समोसे खातात, आणि रात्री तो हंस जनावरांना जातो. मगरीचं तसं होत नाही. तिच्या पाठीवरची एक काडी उपसली तर मगर बिघडत नाही. दहा काड्या गेल्या तरी ती मगरच दिसते, फक्त थोडी टक्कल पडलेली. खाणं आणि मोडणं या दोन क्रिया इथे वेगळ्या केल्या आहेत. मुलं तर मुद्दाम जबड्याजवळची काडी आधी ओढतात, कारण तिथे भीती वाटते. म्हणजे खेळ वस्तूच्या रचनेतच आहे, वरून चिकटवलेला नाही. ज्याने कोणी ही रचना पहिल्यांदा केली त्याला मी पूर्ण गुण देते.

बोरन्हाण आठवून पाहा. संक्रांतीनंतर लहान लेकराला पाटावर बसवून डोक्यावरून बोरं, मुरमुरे, उसाचे करवे, तिळाचा हलवा ओततात आणि भोवतालची पोरं ते लुटतात. तिथे कसलीही शोभेची रचना टिकवायची नसते, पडणं आणि लुटणं हीच रचना. हंस एका टोकाला आणि बोरन्हाण दुसऱ्या टोकाला ठेवलं, तर मगर मधे बसते. टेबलावरच्या अशा कोणत्याही वस्तूला मी हा प्रश्न पहिला विचारीन: पहिला घास घेणाऱ्याला अपराधी वाटतं का?

आता दोष.

पहिला दोष साहित्याच्या यादीत. "एक मोठी काकडी" म्हणजे कोणती? ही मगर जर्मनीत आणि नेदरलँड्समध्ये मुलांच्या वाढदिवसाची नेहमीची पाहुणी आहे. डच शाळांत वाढदिवसाचं मूल वर्गासाठी खाऊ नेतं, त्या खाऊत ती हमखास असते. तिथली काकडी हरितगृहातली. फूटभर लांब, सडपातळ, पातळ सालीची, जवळजवळ बिनबियांची. यवतमाळच्या आठवडी बाजारात मिळणारी गावरान काकडी आखूड आणि पोटाला जाड असते, आत बियांचा पाणचट गाभा असतो. तिच्या पाठीत टूथपिक घुसते, पण बियांच्या गाभ्यात धरून राहत नाही. वर द्राक्षाचं वजन आलं की कलते. जबड्याची चीरही गाभ्यातून जाते, त्यामुळे वरचा जबडा लोंबतो. मगर म्हातारी दिसते. हा करणाऱ्याच्या हाताचा दोष नाही. कृतीने "काकडी" हा एकच शब्द वापरून दोन वेगळे नमुने एका नावाखाली घातले आहेत.

शोधनिबंधात हे रोज होतं. "स्थानिक वाणाचं बियाणं वापरलं", "शाळेतले विद्यार्थी घेतले", "नदीचं पाणी घेतलं". कोणतं वाण, कोणत्या इयत्तेतले, नदीच्या कोणत्या काठावरून आणि कोणत्या महिन्यात, हे विचारल्याशिवाय पुढचं पान उलटू नका.

शब्दाचा मुद्दा निघालाच आहे तर एक आडवळण घेते. तुम्ही इंटरनेटवर "कलिंगड" शोधाल तर पुण्या-मुंबईचं सापडेल. आपल्याकडे तेच टरबूज. पुण्यातली कोथिंबीर आपल्याकडे सांबार होते, आणि बाहेरच्या माणसाला सांबार म्हटलं की तो इडली शोधतो. साहित्याचा आढावा घेताना एकाच शब्दाने शोधलं तर अर्धं साहित्य हातातून जातं. सिनॉप्सिस लिहायच्या आधी तुमच्या विषयातल्या प्रत्येक मुख्य शब्दाची अशी भावंडं एका कागदावर लिहून काढा. माझ्या टेबलासमोर तो कागद चिकटवलेला आहे.

काकडीचा दुसरा प्रश्न कडूपणाचा. देठाकडचं टोक कापायचं, ते कापलेल्या भागावर घासायचं, फेस येतो, कडूपणा निघून जातो, असं आपल्या घरात सगळेच सांगतात. काकडीतला कडूपणा कुकर्बिटासिन नावाच्या संयुगांमुळे असतो आणि ती देठाकडच्या भागात आणि सालीखाली जास्त असतात, हे माहीत आहे. म्हणजे टोक कापून टाकल्यानेच काम झालं असण्याची शक्यता आहे, घासण्याने नाही. हे तुम्ही घरी तपासू शकता. दहा काकड्या घ्या. सगळ्यांची टोकं सारखीच कापा, पाच घासा, पाच नुसत्या ठेवा. खाणाऱ्याला कोणती कोणती ते सांगू नका आणि काप देणाऱ्यालाही सांगू नका. एका दुपारचं काम आहे. नियंत्रित गट म्हणजे काय हे या दहा काकड्यांत जितकं कळतं तितकं नोट्समधून कळत नाही. फक्त जी काकडी फारच कडू लागेल ती थुंकून टाका. कुकर्बिटासिन जास्त प्रमाणात पोटात गेलं तर त्रास होतो. अतिकडू दुधीच्या रसाने माणसं आजारी पडल्याच्या आणि दगावल्याच्याही नोंदी आपल्या देशात आहेत.

दुसरा दोष बदलीच्या साहित्यात. मूळ मगरीत घट्ट, खारवलेल्या चीजचे चौकोन असतात. आपल्याकडे सांगताना "चीज किंवा पनीर" असं सहज म्हटलं जातं. पण या "किंवा"मध्ये फार काही दडलेलं आहे. पनीरच्या वजनात निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त पाणी असतं, मीठ नसतं, आम्लता कमी असते. सूक्ष्मजीवांना याहून सोयीची जागा क्वचित मिळेल. मूळ चीज कोरडं आणि खारट, म्हणून एखाद-दोन तास टेबलावर तग धरतं. दोन्ही पांढरे आणि दोन्ही चौकोनी कापता येतात, एवढ्यावर ते एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत. फोटोत फरक दिसणार नाही, पोटात दिसेल. एखाद्या निबंधात "अमुक रसायन उपलब्ध नसल्याने तमुक वापरलं" असं वाक्य आलं, तर थांबा आणि विचारा की बदललेल्या वस्तूने नेमकं कोणतं काम करायचं होतं. रंग द्यायचा होता की टिकाव?

तिसरा दोष मला सगळ्यात गंभीर वाटतो. कृतीत वेळ आणि तापमान नाही. "तयार होण्याचा वेळ वीस मिनिटं" हे असतं. पण तयार झाल्यानंतर ती टेबलावर किती वेळ राहील, त्या खोलीत किती गरम असेल, याबद्दल अवाक्षर नाही. ज्या हवेत ही कृती जन्मली तिथे याची गरज पडत नसेल. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर जातो.

याचे परिणाम एकेक करून पाहू. चिरलेल्या फळा-भाजीसाठी जगभर सांगितला जाणारा सावधगिरीचा नियम असा: फ्रिजबाहेर २ तासांहून जास्त ठेवू नका. अमेरिकेच्या कृषी विभागाच्या सूचनेत पुढे असंही आहे की बाहेर ३२ अंश सेल्सिअसहून जास्त असेल तर ही मर्यादा १ तासाची. जागतिक आरोग्य संघटना ५ ते ६० अंशांमधला पट्टा धोक्याचा मानते. म्हणजे यवतमाळच्या उन्हाळ्यातलं जवळपास प्रत्येक टेबल १ तासाच्या नियमाखाली येतं. आता आपल्या कार्यक्रमांचं वेळापत्रक आठवा. स्पर्धकांनी दहाला मांडायचं, पाहुणे साडेअकराला येणार, दीपप्रज्वलन, सत्कार, मग परीक्षण, मग चव. वाढदिवसाला केक कापायला मामा यायची वाट पाहिली जाते, तेही तसंच.

आकडा हवा असेल तर पाठ्यपुस्तकातला घ्या. अनुकूल परिस्थितीत ई. कोलाय हा जिवाणू साधारण २० मिनिटांत दुप्पट होतो. ३ तासांत ९ वेळा दुप्पट, म्हणजे एकाचे ५१२. पण हा आकडा जसाच्या तसा सिनॉप्सिसमध्ये टाकू नका. तो प्रयोगशाळेतल्या पोषक माध्यमाचा आणि शरीराच्या तापमानाचा आहे. काकडीवर वाढ सुरू व्हायला आधी काही वेळ जातो आणि वेगही कमी असू शकतो. आकडा वापरताना त्याची परिस्थिती सोबत नेली नाही, तर आपणही मगरीच्या कृतीसारखंच वागतो.

सगळी फळं सारखी नाहीत, हेही कृती सांगत नाही. द्राक्ष, संत्रा, अननस, डाळिंब आंबट असतात, त्यांचा पीएच साधारण ३ ते ४ च्या आसपास. टरबूज आणि काकडी ५ च्या वर, खरबूज तर ६ च्याही वर जातं. ४.६ ही रेघ अन्नविज्ञानात महत्त्वाची मानतात. तिच्या वर गेलात की आम्लाचं संरक्षण संपलं. २०११ साली अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या एका शेतातल्या खरबुजांमुळे लिस्टेरियाची साथ पसरली. १४७ जण आजारी पडले, ३३ जण गेले. त्या खरबुजांवर कोणी स्वयंपाक केला नव्हता. गॅस पेटवला नाही म्हणजे सोपं, हे खरं. पण गॅस पेटवला नाही म्हणजे जंतू मारणारी पायरीच गाळली, हेही तितकंच खरं. मग ती पायरी धुण्याने, थंडाव्याने, आम्लाने किंवा कोरडेपणाने भरून काढावी लागते. मगरीच्या कृतीत यातलं काहीच नाही. "स्वच्छ धुवून घ्या" एवढं असतं, आणि टरबूज-खरबूज कापण्याआधी सालीसकट धुवायचं हे कोणी लिहीतच नाही. सुरी सालीवरची माती आतल्या गरात घेऊन जाते.

मग आपल्याकडे आधी लोक काय करत होते? रुखवत पाहा. लग्नात मांडलेल्या रुखवतात काय असतं? कोरलेल्या खोबऱ्याच्या वाट्या, सुपाऱ्यांच्या बाहुल्या, सुक्या मेव्याची मंदिरं, साखरेच्या वस्तू, लाडू, चिवडा. रुखवत मांडलं की तासन् तास तसंच राहतं, येणारा-जाणारा प्रत्येक जण वाकून पाहतो, आणि बहुतेक लग्नं ऐन उन्हाळ्यात. तरी ते खराब होत नाही, कारण त्यातली जवळपास प्रत्येक गोष्ट कोरडी किंवा साखरेत बांधलेली आहे. सूक्ष्मजीवांना लागणारं मोकळं पाणी त्यात नाही. आजची भाषा वापरायची तर त्या वस्तूंची जलसक्रियता कमी आहे. हे शास्त्र कोणाला ठाऊक होतं म्हणून असं झालं, असा दावा मी करणार नाही. जे टिकलं ते पुढच्या लग्नात पुन्हा मांडलं गेलं, जे टिकलं नाही ते गळालं, एवढं पुरेसं आहे. परंपरेचं कौतुक करतानाही कारण आणि परिणाम यांची गाठ घाईने मारू नये.

रुखवताचा दोषही सांगते, नाहीतर हे परीक्षण एकतर्फी होईल. रुखवत पाहण्यासाठी असतं. मांडवात त्याला कोणी हात लावत नाही. सुपारीची बाहुली खेळकर दिसते, पण तिच्याशी खेळता येत नाही. टिकाव पैकीच्या पैकी, खेळ शून्य. मगरीचं उलटं.

विदर्भात या दोन्हींच्या मधला एक पदार्थ आधीपासून आहे आणि त्याच्याकडे टेबलाची शोभा म्हणून कोणी पाहत नाही. कच्चा चिवडा. मुरमुरे, कच्चं तेल, तिखट, मीठ, कांदा, सांबार, शेंगदाणे. गॅस लागत नाही. मोठ्या परातीत मुरमुऱ्यांचा डोंगर करा, त्याला फुटाण्यांच्या पायवाटा, शेंगदाण्यांचे दगड, सांबाराची झाडं. खाताना लोक डोंगर पोखरतात, बोगदे करतात, मुलं कडा ढासळवतात. मोडण्यातच गंमत आहे. पण इथेही परिस्थिती लिहावी लागेल, कारण आपल्या उन्हाळ्यात खोलीत कूलर असतो. कूलर हवा थंड करतो ती पाणी हवेत सोडूनच. कूलरच्या झोतात ठेवलेले मुरमुरे पाहता पाहता नरम पडतात. बाहेर अंगणात, कोरड्या उन्हाळी हवेत, तेच मुरमुरे कुरकुरीत राहतात. मुरमुरे तेच, गाव तेच, फक्त टेबलाची जागा बदलली आणि निकाल बदलला. "प्रयोग कक्ष तापमानाला केला" हे वाक्य निबंधात वाचाल तेव्हा हा कूलर आठवा. कक्षाचं तापमान कोणत्या कक्षाचं? आणि आर्द्रता?

आता फोटोकडे येऊ. मगरीचे फोटो सुंदर असतात, कारण ते काडी टोचून झाल्या क्षणी काढलेले असतात. दोन तासांनंतरचा फोटो कोणी टाकत नाही. चाट मसाला भुरभुरला असेल तर मीठ काकडीतलं पाणी बाहेर ओढतं, पानकोबीचं तळं खरंच तळं होतं, मगर मऊ पडते. सफरचंद किंवा पेरूचे काप वापरले असतील तर ते तपकिरी होतात. कापल्यावर पेशी फुटतात, आतलं पॉलिफेनॉल ऑक्सिडेज हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने रंग बदलतं. लिंबाचा रस लावला तर हे लांबतं. यातलं काहीही फोटोत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट रोझेन्थल यांनी १९७९ साली याला ड्रॉवरचा प्रश्न म्हटलं: ज्या अभ्यासांत काही हाती लागलं नाही ते टेबलाच्या ड्रॉवरमध्ये पडून राहतात आणि छापून येतात ते यशस्वी. फसलेल्या मगरींचा ड्रॉवर फार मोठा असणार.

स्पर्धेतलं परीक्षण ही वेगळीच कथा. गुणपत्रिकेवर साधारणपणे सजावट, कल्पकता, पौष्टिकता, स्वच्छता, चव असे रकाने असतात. परीक्षक दोन असतात, दोघांचे गुण बरेचसे जुळतात, आणि आयोजकांना वाटतं की निकाल विश्वासार्ह आहे. जुळणं म्हणजे काय ते मोजून पाहा. समजा २० ट्रे आहेत. दोन्ही परीक्षकांनी प्रत्येकी १६ ट्रेंना "उत्तम" आणि ४ ट्रेंना "साधारण" म्हटलं. त्यांचं मत १४ ट्रेंवर जुळलं, म्हणजे ७० टक्के. ऐकायला चांगलं आहे. पण दोघांनी डोळे मिटून त्याच प्रमाणात शेरे वाटले असते, तरी योगायोगाने ६८ टक्के जुळलं असतं: ०.८ गुणिले ०.८, अधिक ०.२ गुणिले ०.२. जेकब कोहेन यांनी १९६० साली मांडलेला कापा काढला तर (०.७० वजा ०.६८) भागिले (१ वजा ०.६८), म्हणजे साधारण ०.०६. जवळजवळ शून्य. "उत्तम" उदारपणे वाटलं की जुळणं स्वस्त होतं. प्रश्नावलीवर काम करणाऱ्यांनी हे गणित एकदा हाताने करावं, सॉफ्टवेअरने नाही.

आणि त्याहून मोठा प्रश्न: हे रकाने नेमकं काय मोजतात? टेबलाच्या मधोमध ठेवलेली खाण्याची वस्तू चांगली की नाही, हे ती मांडली तेव्हा कळत नाही, ती खाल्ली जाते तेव्हा कळतं. "स्वच्छता" हा रकाना टेबलक्लॉथकडे पाहून भरला जातो. काप किती वेळापूर्वीचे आहेत हे कोणी विचारत नाही. मी निकष लिहिले तर त्यात दोनच नवे रकाने घालीन. कापल्यापासून खाईपर्यंतची मिनिटं, आणि शेवटी ट्रेमध्ये उरलेलं वजन. दोन्ही मोजता येतात, दोन्हींना मत लागत नाही. हंसाचं वजन शेवटी तेवढंच भरेल.

तर मग आपल्या हवेसाठी मगरीची कृती दुरुस्त करून लिहायची झाली तर मी अशी लिहीन. काकडी शक्य तितकी कोवळी, बारीक आणि लांब निवडा. जाडच असेल तर जबडा वेगळा कापून काडीने जोडा, चीर देऊन ओढू नका. कापण्याआधी धुवा, आणि कापलेले पाय पिण्याच्या गार पाण्यात अर्धा तास ठेवा. पेशींत पाणी शिरून ते ताठ होतात. पाठीवर पनीर नको. द्राक्षं, संत्र्याच्या फोडी, अननस अशी आंबट फळं टोचा आणि त्यांच्या मधे कोरडं खोबरं किंवा खारीक. मीठ-मसाला वेगळ्या वाटीत. सगळं आधी करून फ्रिजमध्ये, आणि पाहुणे बसल्यावरच बाहेर. ट्रेच्या खाली बर्फाची परात ठेवा, पण बर्फ फळांना लागू देऊ नका. बाहेरच्या लादीचा बर्फ पिण्याच्या पाण्याचा असेलच असं नाही. बाहेर काढल्याची वेळ ट्रेच्या कडेला चिठ्ठीवर लिहा. वाढदिवसाला पाच वर्षांखालची मुलं असतील तर द्राक्षं उभी चिरून चार भाग करा, अख्खं द्राक्ष घशात अडकतं. आणि त्या वयाच्या मुलांच्या हातात टूथपिक देऊच नका, काडीवरून काढून वाटीत द्या.

टूथपिकचं प्रकरण हसण्यावारी नेऊ नका. शेरवुड अँडरसन हे अमेरिकन लेखक १९४१ साली पनामात वारले. शवविच्छेदनात कळलं की गिळल्या गेलेल्या टूथपिकने आतडं फाडून पोटात संसर्ग झाला होता. मगरीच्या पायांत आणि जबड्यात ज्या काड्या आत दडवलेल्या असतात त्या बाहेरून दिसत नाहीत, आणि काकडी शेवटी कोणीतरी कापून खातंच. म्हणून टोचताना काड्या मोजा. पाठीवर ३६, पायांत ८, जबड्यात २, असं चिठ्ठीवर वेळेच्या खाली लिहा. कार्यक्रम संपल्यावर वाटीत परत आलेल्या काड्या मोजा. ४६ गेल्या आणि ४३ आल्या तर ट्रे धुवायला नेऊ नका, आधी पानकोबीची पानं उलटून पाहा, मग टेबलाखाली.